बॅकलिंक मिळाली, पण ती मोजली जाते का? मराठी ब्लॉगसाठी दुव्यांचा हिशेब

'डीए ५०+ असलेल्या साइट्सवर १०० डूफॉलो बॅकलिंक्स, फक्त १४९९ रुपयांत.' ब्लॉग चालवणाऱ्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये असा मेल कधी ना कधी येतोच. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या पानाकडे येणारा दुवा; 'डीए' आणि 'डूफॉलो' काय ते पुढे येईलच. मीही एकदा पैसे भरले होते. माझा ब्लॉग किल्ल्यांवरचा, गूगलच्या 'ब्लॉगर' या फुकट सेवेवरच चालणारा. आठ दिवसांनी शंभर ओळींची एक्सेल शीट आली. एकेक पत्ता उघडून पाहिला, तर कुठल्याशा परदेशी गेमिंग फोरमवर माझ्या नावाचं प्रोफाइल आणि त्यात 'माझ्याविषयी'च्या रकान्यात राजगडाच्या लेखाचा दुवा. पुढच्या ओळीतही तेच, त्याच्या पुढच्याही. तीन महिने वाट पाहिली. ब्लॉग वर गेला नाही, खालीही आला नाही. पैसे तेवढे गेले.

त्याच सुमाराला राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात ट्रेकर्सच्या जेवणा-मुक्कामाची सोय करणाऱ्या एका दादांनी आपल्या चार पानी साइटवर लिहिलं, 'चोर दरवाजाने चढायचं असेल तर आधी हे वाचून या', आणि त्या वाक्यातून माझ्या त्याच लेखाला दुवा दिला. त्यावरून माणसं यायला लागली. काही आठवड्यांनी 'गुंजवणे राजगड रस्ता' असं शोधल्यावर लेख बराच वर दिसू लागला. सगळं श्रेय त्या एका दुव्याला देणार नाही, कारण मधल्या काळात मी लेखही सुधारला होता. पण शंभर विकतच्या आणि एक आपणहून दिलेली, यांत काय फरक असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्या ब्लॉगला मिळालेले दुवे कसे शोधायचे, कसे तपासायचे, तुटलेले कसे सांधायचे आणि नवे कसे मिळवायचे, ते मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो.

आधी थोडं गणित

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९६ मध्ये जे शोधयंत्र बनवायला घेतलं, त्याचं नावच 'बॅकरब' होतं. पुढे तेच गूगल झालं. कोणत्या पानाकडे कुठून दुवे येतात, हे पाहून पानाचं महत्त्व ठरवायचं, ही त्यामागची कल्पना. १९९८ च्या त्यांच्या शोधनिबंधात हे महत्त्व मोजण्याचं, 'पेजरँक' नावाचं सूत्र आहे. एक वाचक वाटेल त्या दुव्यावर टिचकी मारत पानापानांवरून भटकतोय असं समजा. सूत्रात ०.८५ हा आकडा येतो. म्हणजे शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी वेळा तो समोरच्या पानावरचा एखादा दुवा धरून पुढे जातो, उरलेल्या वेळी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा भटकता वाचक ज्या पानावर वारंवार येऊन पोचतो ते पान मोठं.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. दुवा देणाऱ्या पानालाच कोणी दुवा देत नसेल, तर त्याच्याकडे वाटायला फारसं काही नसतं. आणि पान जे काही वाटतं ते त्यावरच्या सगळ्या दुव्यांत विभागलं जातं. चारशे ब्लॉगांची यादी असलेल्या डिरेक्टरीतला दुवा म्हणजे चारशे जणांत कापलेली एक भाकरी.

पुढे गूगलने यात सुधारणा केली. २००४ मध्ये अर्ज केलेलं आणि २०१० मध्ये मंजूर झालेलं त्यांचं एक पेटंट सांगतं, की वाचक ज्या दुव्यावर टिचकी मारण्याची शक्यता जास्त, त्या दुव्याला वजन जास्त द्यावं. मजकुराच्या मधोमध, ठळक, विषयाशी जुळणारा दुवा एकीकडे आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरातला दुसरीकडे. दादांचा दुवा या हिशेबात कुठे बसतो ते सांगायला नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुव्यांचं महत्त्व पूर्वीइतकं राहिलेलं नाही. गूगलच्या स्पॅम धोरणाच्या पानावर दुव्यांना 'महत्त्वाचा घटक' म्हटलेलं असायचं. मार्च २०२४ मध्ये त्यातला 'महत्त्वाचा' हा शब्द काढला गेला आणि नुसता 'घटक' उरला. मराठीत तर एखाद्या नेमक्या विषयावर धड लिहिलेली चार-पाच पानंही नसतात. तिथे चांगला लेख दोन-तीन खऱ्या दुव्यांवरही पहिल्या पानावर येतो. इंग्रजी ब्लॉगांसाठी लिहिलेले 'महिन्याला पन्नास बॅकलिंक्स' छापाचे सल्ले वाचून घाबरायचं कारण नाही.

पायरी १ : आहेत ते दुवे मोजा

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. ब्लॉगर वापरत असाल तर ब्लॉगचा पत्ता तिथे जोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. डावीकडच्या यादीत खाली 'लिंक्स' असा अहवाल आहे. त्यात बाहेरच्या दुव्यांसाठी तीन याद्या मिळतात : तुमच्या कोणत्या पानांना दुवे आहेत, कोणत्या साइट्सनी दिले आहेत आणि दुव्यावर कोणते शब्द आहेत. वर उजवीकडे 'एक्स्पोर्ट'चं बटण आहे, त्यातून सगळी यादी शीटमध्ये उतरवून घ्या.

हा अहवाल म्हणजे नमुना आहे, पूर्ण यादी नव्हे. शिवाय नोफॉलो दुवे (म्हणजे 'हा दुवा मोजू नका' अशी खूण कोडमध्ये असलेले) आणि साधे दुवे त्यात एकत्रच दाखवले जातात. त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नका. आहरेफ्स कंपनीची स्वतःच्या साइटपुरती एक फुकट सोय आहे, ती जोडीला घेतली तर सर्च कन्सोलमधून सुटलेले काही दुवे सापडतात.

शीटमध्ये मी चारच रकाने ठेवतो : दुवा देणारं पान, माझं कोणतं पान, दुव्यावरचे शब्द आणि शेरा. शेऱ्याचा रकाना पुढच्या पायरीत भरायचा.

पायरी २ : एकेक दुवा उघडून पाहा

हे काम कंटाळवाणं आहे आणि फोनवर होत नाही, लॅपटॉप लागतो. दुवा देणारं पान उघडा, आपला दुवा शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. बाजूला त्या दुव्याचा कोड दिसेल. त्यात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, तो खरोखर दुवा आहे का. 'ए' हा टॅग आणि त्यात 'एचरेफ'मध्ये आपला पत्ता असेल तरच गूगल त्याला दुवा मानतं. बऱ्याच जणांनी पत्ता नुसता टाइप करून ठेवलेला असतो, त्यावर टिचकी मारता येत नाही. ती झाली नुसती अक्षरं.

दुसरी, 'रेल' नावाच्या गुणधर्मात काही लिहिलंय का. 'नोफॉलो', 'यूजीसी' किंवा 'स्पॉन्सर्ड' यांपैकी शब्द असेल तर तो टिपा. काहीच नसेल तर तो साधा दुवा. बाजारात ज्याला 'डूफॉलो' म्हणतात तो हाच. गंमत अशी, की 'डूफॉलो' नावाचा गुणधर्म अस्तित्वातच नाही. काही नसणं यालाच ते नाव पडलंय.

तिसरी, पत्ता बरोबर आहे का. टिचकी मारून बघा. याबद्दल पायरी ४ मध्ये सविस्तर लिहितो, कारण मराठी ब्लॉगांचे निम्मे घोटाळे इथेच होतात.

चौथी, ते पान गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलने वाचून नोंदवलेल्या पानांच्या यादीत आहे का. त्या पानाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. गूगलला ते पानच माहीत नसेल, तर त्यावरचा दुवा कितीही सुंदर असो, मोजला जाणार नाही. मी विकत घेतलेल्या शंभरांतली बहुतेक प्रोफाइलं अशीच होती.

पायरी ३ : प्रकार ओळखा, म्हणजे कशाच्या मागे लागायचं ते कळेल

मजकुरातला, आपणहून दिलेला दुवा. लिहिणाऱ्याला वाटलं की वाचकाला इथे पाठवलं पाहिजे, म्हणून त्याने दिला. सगळ्यांत मोलाचा हाच. त्यातही विषय जुळत असेल तर उत्तमच. ट्रेकिंगच्या साइटवरून किल्ल्याच्या लेखाला आलेला दुवा गूगलला समजतो. पाककृतींच्या ब्लॉगवरून आला तरी चालतो, पण तिथे 'राजगडावर चुलीवरचं पिठलं खाल्लं' असा काहीतरी धागा हवा.

दुव्यावरचे शब्द, म्हणजेच अँकर टेक्स्ट, किती जोर धरतात याचं एक जुनं उदाहरण आहे. २००३ मध्ये खोडकर मंडळींनी आपापल्या ब्लॉगांवरून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसमधल्या चरित्रपानाचे दुवे दिले. ते शब्द शोधले की पहिलं पान बुश यांचंच यायचं, आणि त्या पानावर ते शब्द कुठेच नव्हते! जानेवारी २००७ मध्ये गूगलने ही मेख काढली. तरीही दुव्यावरचे शब्द आजही पान कशाबद्दल आहे ते सांगतात. 'इथे टिचकी मारा' यापेक्षा 'गुंजवण्याहून राजगड' बरं. मात्र तीस जणांनी तंतोतंत त्याच शब्दांवर दुवा दिला, तर ते ठरवून केलेलं वाटतं. माणसं आपापल्या शब्दांत दुवा देतात, तसंच राहू द्यावं. चित्राला दुवा असेल तर त्या चित्राचा आल्ट मजकूर, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं चित्राचं वर्णन, शब्दांचं काम करतो. तो रिकामा असेल तर ती संधी गेली.

नोफॉलो. कॉमेंट्समधल्या स्पॅमला वैतागून गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्ये तो आणला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला दोन भावंडं मिळाली : जाहिरातीच्या दुव्यांसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी 'यूजीसी'. तेव्हाच गूगलने सांगितलं, की यापुढे हे सगळे शब्द आम्ही आज्ञा न मानता सूचना मानू. म्हणजे नोफॉलो दुवा मोजला जाईलच असं नाही आणि कधीच मोजला जाणार नाही असंही नाही. फेसबुक आणि यूट्यूबच्या वर्णनातले दुवे नोफॉलो असतात. वर्डप्रेस ब्लॉगच्या कॉमेंटमधला दुवा आपोआप नोफॉलो आणि यूजीसी होतो. विकिपीडियाचे बाहेर जाणारे दुवेही नोफॉलोच, आणि मराठी विकिपीडिया त्याला अपवाद नाही. तिथे स्वतःच्या ब्लॉगचा दुवा स्वतः चिकटवायला जाऊ नका. ते काढून टाकतात आणि ते बरोबरच करतात. पण कोणी दुसऱ्याने संदर्भ म्हणून तुमचा लेख दिला तर त्याचा फायदा वेगळ्याच वाटेने होतो. विकिपीडिया वाचून लेख लिहिणारी माणसं तिथून तुमच्यापर्यंत पोचतात आणि पुढे साधा दुवा देतात.

व्हॉट्सअ‍ॅप. गूगलला तुमच्या सोसायटीच्या ग्रुपमधलं काही दिसत नाही. तिथे हजार वेळा फॉरवर्ड झालेला लेख दुव्यांच्या हिशेबात शून्य. वाचक मिळतात हे मात्र खरं, आणि त्या हजारांत एखादा ब्लॉगर असतो.

साइडबार आणि तळातले दुवे. मराठी ब्लॉगांच्या पहिल्या बहरात प्रत्येकाच्या उजव्या बाजूला 'माझे आवडते ब्लॉग' अशी यादी असायची. त्या यादीतल्या मित्राच्या ब्लॉगवर तीनशे नोंदी असतील, तर सर्च कन्सोल तीनशे दुवे दाखवतं. ती तीनशे मतं नव्हेत. एकाच माणसाने एकदाच दिलेलं मत तीनशे पानांवर छापलंय, एवढंच. वाईट काही नाही, पण आकड्यावर जाऊ नका. 'तू माझा लाव, मी तुझा लावतो' हे चार मित्रांत चालतं. त्याचाच कारखाना काढला तर गूगलच्या नियमांत अति देवाणघेवाण म्हणून ते बसत नाही.

गेस्ट पोस्ट. दुसऱ्याच्या ब्लॉगवर पाहुणा म्हणून लेख लिहिणं छान आहे, वाचक मिळतात. नुसत्या दुव्यासाठी लिहायचे दिवस मात्र केव्हाच गेले. गूगलच्या वेबस्पॅम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्येच आपल्या ब्लॉगवर त्याला मूठमाती दिली होती. माझी कसोटी सोपी आहे : दुवा द्यायचा नाही असं यजमान म्हणाला, तरीही तो लेख तिथे लिहाल का? उत्तर हो असेल तर लिहा.

विकतचे दुवे. याचे अवतार बरेच. प्रोफाइलं, कॉमेंट्स, 'बातमी पोर्टल'वरचे पैसे देऊन छापलेले लेख आणि बंद पडलेल्या शाळा-संस्थांची सुटलेली डोमेनं विकत घेऊन त्यांवर थाटलेले खोटे ब्लॉग. शेवटच्या प्रकारासाठी गूगलने मार्च २०२४ मध्ये वेगळा नियमच केला. पैसे देऊन जाहिरात केली तर दुव्याला 'स्पॉन्सर्ड' लावायचं, मग तक्रार नाही. लपवाछपवी केली तर काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीचं आहे. विषयाशी संबंध नसलेल्या साइट्सवरचे तिचे हजारो विकतचे दुवे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीला आणले. गूगलने कारवाई केली तेव्हा सॅमसोनाइटच्या बॅगांच्या एका शोधात ही साइट दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली.

आणि 'डीए', म्हणजे डोमेन ऑथॉरिटी? साइट शोधात किती वर येऊ शकेल याचा, मॉझ या खाजगी कंपनीने काढलेला, १ ते १०० मधला तो अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही. फुगवता येतो आणि म्हणूनच विकता येतो.

पायरी ४ : तुटलेले दुवे सांधा

नवे दुवे मागायच्या आधी, आपल्याला मिळालेले आणि आपल्याच हलगर्जीने किंवा नशिबाने वाया गेलेले दुवे परत मिळवा. सगळ्यांत कमी कष्टात सगळ्यांत जास्त फळ इथे आहे.

ब्लॉगरवाल्यांची मोठी जखम म्हणजे 'ब्लॉगस्पॉट डॉट इन'. २०१२ पासून भारतातून ब्लॉगर ब्लॉग उघडला की पत्ता आपोआप 'डॉट कॉम'चा 'डॉट इन' व्हायचा. लोकांनी ब्राउझरमधून तोच उचलला आणि आपल्या पानांवर टाकला. २०२० मध्ये ते 'डॉट इन' डोमेनच गूगलच्या हातून निसटलं. तेव्हापासून त्या पत्त्याचे सगळे दुवे मेलेले आहेत. डोमेन तुमचं नाही, त्यामुळे तुम्ही रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय) लावू शकत नाही. उपाय एकच, दुवा देणाऱ्याला गाठून बदलून घेणं. आपल्या ब्लॉगच्या नावापुढे 'डॉट इन'चा जुना पत्ता जोडून अवतरणचिन्हांत शोधा, जुन्या मित्रांचे ब्लॉग चाळा. आणि हो, स्वतःच्या जुन्या नोंदींतही असे अंतर्गत दुवे असतील. मला माझ्याच ब्लॉगवर ढीगभर सापडले.

मी पाठवतो तो निरोप असा असतो : 'नमस्कार, तुमच्या पावसाळी ट्रेक्सच्या पानावर राजगडाखाली माझ्या लेखाचा दुवा आहे, त्याबद्दल मनापासून आभार. ब्लॉगरने पत्ता बदलल्यामुळे तो आता उघडत नाही. शेवटचं "इन" काढून "कॉम" केलं की पान उघडेल. पूर्ण पत्ता खाली देतो. पुरंदरच्या दुव्याचंही तसंच झालंय, पण तो ब्लॉग माझा नाही.' शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्या माणसाचं पान सुधारावं म्हणून लिहिलंय, हे त्याला कळतं. बहुतेक जण दुरुस्त करतात. काही जण तर ट्रेकला कधी जायचं तेही विचारतात.

दुसरं दुखणं मराठी पत्त्यांचं. ब्लॉगरला देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवता येत नाही, म्हणून तो 'ब्लॉग-पोस्ट-अमुक' असं काहीतरी ठेवून देतो. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडे 'पर्मालिंक'मध्ये जाऊन रोमन लिपीत छोटासा पत्ता स्वतः द्या. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतं, पण आत त्याची टक्क्यांची चिन्हं आणि आकडे-अक्षरं होतात. एकेका चिन्हाला नऊ अक्षरं लागतात, आणि काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात. 'राजगड' या एका शब्दाला ४५ अक्षरं. 'राजगड-गुंजवणे-मार्गे' याला १६४. वर्डप्रेसची मर्यादा २०० आहे. म्हणजे तीन शब्दांतच पत्ता भरत आला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की ती रांगोळी पाहून कोणी टिचकी मारायला धजावत नाही. कॉपी करताना शेपूट तुटलं की दुवाही गेला. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता रोमनमध्ये आणि तोकडा.

आधीच प्रसिद्ध झालेला पत्ता मात्र सौंदर्यासाठी बदलू नका. बदलावाच लागला, किंवा दोन लेख एकत्र केले, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचा रीडायरेक्ट लावा. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमध्ये 'एरर्स आणि रीडायरेक्ट्स'खाली 'कस्टम रीडायरेक्ट्स' आहे. जुना मार्ग, नवा मार्ग, आणि 'पर्मनंट'ची खूण विसरू नका. वर्डप्रेससाठी फुकटची प्लगिन्स आहेत.

फोनवरून कॉपी केलेल्या ब्लॉगरच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर 'एम=१' येतं. त्याची काळजी नको. ब्लॉगर कॅनॉनिकल टॅग लावतो, त्यामुळे गूगलला मूळ पान कळतं.

आणखी एक राहिलेला दुवा : छापील उल्लेख. दैनिकाच्या पुरवणीत ब्लॉगचं नाव आलं तर कात्रण आईला दाखवा. ई-पेपर बहुतेकदा चित्रच असतं, त्यात दुवा नसतो. मात्र तोच लेख त्या दैनिकाच्या वेबसाइटवर मजकूर म्हणून असेल, तर लेखकाला किंवा पुरवणीच्या संपादकांना नम्रपणे विचारा, नावावर दुवा देता येईल का. माझं एकदा काम झालं, एकदा उत्तरच आलं नाही.

पायरी ५ : घरातले दुवे

बाहेरून आलेलं वजन एका लेखावर साठून राहतं आणि बाकीचे उपाशी. माझ्या ब्लॉगवर दुवे आहेत ते राजगडाला. तोरण्याच्या लेखाला कोणी विचारत नव्हतं. राजगडाच्या लेखात 'राजगड ते तोरणा' या डोंगरधारेवरच्या वाटेचा परिच्छेद होताच, तिथून तोरण्याच्या लेखाला दुवा दिला. खाली 'हेही वाचा'ची जंत्री लावण्यापेक्षा वाक्याच्या ओघात आलेला असा एक दुवा बरा.

यात एक आगाऊ फायदा आहे. मराठी लेख ढापणारे लोक अख्खा लेख दुव्यांसकट चिकटवतात. पहिल्या दोन परिच्छेदांत आपला अंतर्गत दुवा असेल तर चोराच्या घरातूनही तुमच्याकडे बोट दाखवलं जातं. त्याचं वजन नगण्य, पण मनाला बरं वाटतं.

बाहेर दुवे देताना कंजुषी करू नका. काही जण 'वजन बाहेर जाईल' म्हणून प्रत्येक बाहेरच्या दुव्याला नोफॉलो लावतात. मॅट कट्स यांनी २००९ मध्येच सांगून टाकलं, की नोफॉलो दुव्याच्या वाट्याचं वजन तुमच्याकडे परत येत नाही, ते हवेत विरतं. मग चांगल्या माणसाला साधा दुवा द्यायला काय हरकत आहे?

पायरी ६ : दुवा द्यावासा वाटेल असं पान

'राजगड : एक अविस्मरणीय अनुभव' या लेखाला कोणी दुवा देत नाही. वाचतात, 'मस्त!' म्हणतात, पुढे जातात. दुवा मिळतो तो दुसऱ्याचं काम वाचवणाऱ्या पानाला. माझ्या लेखात दादांना उपयोगी काय होतं? गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट कुठे उभी होते, लोखंडी रेलिंग कुठून सुरू होतं, पावसात लहान मुलांना घेऊन आलात तर पाली दरवाजाने का जायचं. हेच प्रश्न त्यांना दर शनिवारी फोनवर पंधरा जण विचारायचे. दुवा देऊन त्यांनी आपला फोन वाचवला.

तुमच्या विषयात रोज फोनवर तेच ते सांगणारी माणसं कोण, ते शोधा. रोपवाटिका चालवणाऱ्या ताई, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारे सर, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या मावशी. त्यांचं उत्तर तुमच्या पानावर नीट लिहा आणि मग त्यांना दाखवा. दुवा मागायचीही गरज पडत नाही, 'यात काही चुकलंय का?' एवढं विचारलं तरी पुरतं. चूक दाखवणारा माणूस त्या पानाला आपलं मानायला लागतो.

पायरी ७ : घाबरायचं केव्हा

सर्च कन्सोलमध्ये अचानक रशियन जुगाराच्या साइट्सचे दुवे दिसले की छातीत धस्स होतं. गूगलने २४ एप्रिल २०१२ ला बनावट दुवे पकडणारा 'पेंग्विन' हा बदल शोधयंत्रात सोडला तेव्हा अशा दुव्यांनी साइट्स आपटल्या होत्या. सप्टेंबर २०१६ पासून मात्र पेंग्विन असले दुवे बहुतेक नुसते बाद करतो, तुम्हाला खाली ओढत नाही. माझ्या शंभर दुव्यांनी ब्लॉग वर-खाली का हलला नाही, त्याचं उत्तर बहुधा हेच असावं.

दुवे नाकारण्याचं 'डिसअव्हाउ' हे साधन ऑक्टोबर २०१२ पासून आहे. बहुतेक साइट्सना त्याची गरज पडत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. सर्च कन्सोलमधलं 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स'चं पान उघडा. गूगलच्या माणसांनी तुमच्या साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथे दिसते. तिथे काही नसेल तर ते जुगारवाले दुवे विसरा आणि चहा घ्या. कारवाईची नोंद असेल तर विकत घेतलेले दुवे आधी काढून घ्यायचा प्रयत्न करा, निघणार नाहीत ते डिसअव्हाउ करा, आणि काय केलं ते खरं खरं लिहून फेरविचाराचा अर्ज करा.

पायरी ८ : परिणाम मोजताना पाऊस लक्षात घ्या

दुवा आज मिळाला म्हणजे उद्या फरक पडेल असं नाही. गूगलला आधी ते पान पुन्हा वाचावं लागतं. छोट्या साइटवर त्यात आठवडेही जातात. सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स'मध्ये तो एकच लेख निवडा आणि सरासरी क्रमांक व टिचक्या बघा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका. राजगडाचे शोध जूनमध्ये वाढतातच, त्याचं श्रेय दुव्याला दिलं तर फसाल. तिथे १६ महिन्यांची माहिती राहते, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहता येतं. दिवाळी फराळाच्या किंवा दहावीच्या निकालाच्या ब्लॉगांना तर हे जास्तच लागू.

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चार रकान्यांची शीट उघडतो. नवे दुवे टिपतो, मेलेले लाल करतो, दोन-तीन जणांना निरोप पाठवतो. 'डॉट इन'च्या यादीत अजून चौदा पत्ते लाल आहेत. त्यातला एक नाशिकच्या एका ट्रेकिंग ग्रुपचा आहे. मेल दोनदा पाठवून झाला, त्यांच्या पानावर फोन नंबर आहे, या वेळी सरळ फोनच करणार आहे.